उगमाच्या माथ्यावर

महाबळेश्वर हे नाव उच्चारताच गोमंतकातील व कारवारकडील आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम गोकर्णाचे क्षेत्र उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आज आम्हांस लिहावयाचे आहे ते सह्याद्रीच्या माथ्यावरील दुसऱ्या महाबळेश्वराविषयी, जेथे कृष्णामाई गोमुखातून बाहेर पडते त्या स्थानाविषयी. आणि त्यातही क्षेत्रातील देवळाविषयी थोडे, व देवळापासून दोन कोसांवर साहेबाच्या अमदानीत उभ्या राहिलेल्या हॉटेलांविषयी अधिक. देवस्थानाशी ज्यांचा संबंध त्यांस हॉटेलाच्या इमारतीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. तो प्रश्न किती पोकळ आहे, हेच दाखविण्यासाठी हा लेख आहे.

माथ्यावरील जुनी हॉटेले व बंगले आता एकेक करून जात आहेत. कोणी भाडेपट्ट्याच्या वादात पडून मोडकळीस आले, कोणी पाडले गेले, कोणाच्या कौलांच्या जागी सिमेंटच्या गच्च्या आल्या आणि गच्च्यांवर मजले चढले. यावर आपल्यांतील सज्जनांची मते दोन प्रकारची ऐकू येतात. एक म्हणतात, ‘साहेबाची घरे होती, गेली तर एक कलंक गेला.’ दुसरे म्हणतात, ‘तो पैसेवाल्यांच्या हवापालटाचा प्रश्न; आपण देवदर्शन करून परतणारी माणसे.’ आम्हांस ही दोन्ही मते सारखीच चुकीची वाटतात. पर्वतमाथ्यावर माणसाने निवारा कसा बांधावा हा मुळात धर्माचा प्रश्न आहे आणि त्याची कसोटी पाणी ही आहे. या कसोटीस जुनी हॉटेले बऱ्याच अंशी उतरली. त्यांच्या जागी येणारी नवी हॉटेले उतरत नाहीत. आणि ज्याचे आम्हांस विशेष दुःख होते ते हे की, देवाच्या नावाने बांधली जाणारी अनेक नवी भक्तनिवासेही उतरत नाहीत.

प्रथम इतिहास पाहू. प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तकांत महाबळेश्वराचा इतिहास बहुधा १८२४ साली सुरू होतो. त्या वर्षी लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी साताऱ्याहून हे पठार चढून गेला, आणि पुढे त्याच्याच नावाने एक कडा प्रसिद्ध झाला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८–२९ मध्ये येथे आरोग्यस्थान वसविण्याचा बेत तडीस नेला. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी तह होऊन वाई भागातील खंडाळा गावाच्या मोबदल्यात हा मुलूख कंपनी सरकारने घेतला. जी पेठ वसली तिला माल्कमपेठ हे नाव पडले, आणि पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम येथे येऊ लागला.

हे सर्व खरे आहे. खोटे आहे ते एवढेच की इतिहास येथे सुरू होतो. देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकात उगमापाशी देऊळ व कुंड बांधले अशी क्षेत्राची परंपरा सांगते. कृष्णाबाईचे काळ्या पाषाणाचे, शिळांच्या छताचे छोटेसे मंदिर ज्याने पाहिले आहे त्यास त्या दगडाचे वय वेगळे सांगावे लागत नाही. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवछत्रपतींनी मातोश्री जिजाबाई व वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री. म्हणजे माल्कमच्या पूर्वी शतकानुशतके माणसे हा घाट चढत होती, राहत होती आणि उतरत होती. साहेबाला डोंगर ‘सापडला’ असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या देवघरात शिरून समईचा शोध लावल्याचा दाखला मागण्यासारखे आहे.

तथापि येथेच आमच्या पहिल्या प्रकारच्या मित्रांस थोडे थांबविले पाहिजे. माल्कमपेठेवर साहेबाची मालकी होती म्हणून तेथील सर्व काही साहेबाने केले असे ते धरून चालतात. साताऱ्याहून माथ्यावर येणारा पहिला चांगला गाडीरस्ता बांधला गेला तो छत्रपतींच्या दरबाराकडून. ज्या वेण्णा तलावावर आज नौका फिरतात तो १८४२ साली बांधविला छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी, आणि गावाला पाणी मिळावे म्हणून. भाजीपाल्याचे मळे प्रथम फुलविले ते येथे शिक्षा भोगण्यास आणलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी. त्यांचा तुरुंग १८६४ साली बंद झाला. जांभ्याचे चिरे काढले, घडविले आणि रचले ते देशावरच्या व कोकणातल्या हातांनी. हॉटेले चालविण्यात पारशी व इराणी मंडळी पुढे होती. रिपन, दीना, रेस व्ह्यू, फ्रेड्रिक ही नावे जुन्या प्रवाशांच्या तोंडी असत. आणि मुदपाकखान्यात पाहावे तर असल्या ठिकाणी गोवेकर आचारी किंवा बटलर हटकून सापडावयाचा. ज्या वास्तूत इतक्यांचा घाम मुरला ती एकट्या साहेबाची कशी?

आता ती वास्तू कशी होती ते नीट पाहू. आजच्या माणसास ‘हॉटेल’ म्हटले की उभा डबा आठवतो: एकावर एक मजले, मध्ये बोळ, दोहों बाजूंना खोल्या. माथ्यावरचे जुने हॉटेल आडवे असे. बहुधा एकच मजला, फार तर दोन. मधल्या इमारतीत भोजनाची जागा व बैठक. तिच्या दोहों अंगांना किंवा मागे, झाडांच्या मधून, खोल्यांच्या रांगा. प्रत्येक रांगेपुढे लांबच लांब व्हरांडा. जोते जांभ्याचे व चांगले उंच, म्हणजे पावसाळ्यात खालून वाहणारे पाणी भिंतीस न लागता निघून जावे. भिंती जाड. छप्पर भरपूर उताराचे, कौलांचे किंवा पत्र्याचे, आणि वळचण इतकी बाहेर काढलेली की पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात. ज्या ठिकाणी वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे हा नखरा नव्हे; ती गरज आहे. मृग निघण्यापूर्वी भिंतींना गवताच्या झडपा बांधावयाच्या, हॉटेल बंद करावयाचे आणि पावसाळा संपला की झडपा उतरवून दारे उघडावयाची, असा जुना क्रम असे. कोकणात आणि गोव्यात घरोघर चुडतांची झड बांधली जाई. तिचीच ही माथ्यावरची बहीण.

या क्रमात एक गोष्ट अध्याहृत होती, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्षातील चार महिने हा डोंगर माणसाचा नाही हे जुन्या बांधणाराने मान्य केले होते. पाऊस डोंगराचा, पाणी डोंगराचे, आपण पाहुणे. हे मान्य करण्यात त्याची काही भक्ती होती असे आम्ही म्हणत नाही. त्याला त्याच्या घराच्या भिंती वाचवावयाच्या होत्या. परंतु भक्तीने असो की व्यवहाराने असो, मर्यादा पाळली गेली हे फळ महत्त्वाचे आहे.

ही मर्यादा का हवी, हे समजण्यास डोंगराच्या पोटात काय आहे ते जाणले पाहिजे. महाबळेश्वराचे पठार सुमारे १,३७० मीटर उंच आहे. त्याच्या डोक्यावर जांभ्याची जाड टोपी आहे आणि तिच्याखाली काळ्या पाषाणाचे थरावर थर. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी तो स्पंजासारखे पितो. खालचा पाषाण व त्यावरील चिकण मातीचा थर घट्ट; तेथे ते पाणी अडते आणि आडवे सरकू लागते. हा सांधा डोंगराच्या अंगावर जेथे उघडा पडतो तेथे झरा फुटतो. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांच्या धारा गोमुखातून येतात असे आपण म्हणतो, तेव्हा शास्त्रदृष्ट्या आपण या जांभ्याच्या टोपीचीच पूजा करीत असतो. चातुर्मासात तिने प्यालेले पाणी ती वैशाखापर्यंत थेंबथेंबाने देते. गोमुख हे तोंड आहे. कोठार वर आहे, आणि त्या कोठारावर माणसाने घरे बांधली आहेत.

आता त्या कोठारावर नवा बांधकामदार काय करतो ते पाहा. उताराला अनुसरून घर बसविण्याऐवजी तो यंत्राने उतार कापून सपाट करतो. म्हणजे टोपीचा काठच कातरतो. जेथे माती व झाडे पाणी मुरवीत होती तेथे मोटारी उभ्या करण्यासाठी फरसबंदी करतो. पाणी मुरत नाही, ते लोंढ्याने दरीत जाते. पोहण्याचा तलाव बांधतो. पाणी पुरेनासे झाले की विंधन विहीर खणून डोंगराच्या पोटातले काढतो आणि तेही आटले की टँकर बोलावतो. शेवटी मैल्याचे खड्डे त्याच जांभ्यात घेतो, ज्याच्या छिद्रांतून खालचा झरा पाणी पितो. अभिषेकाचे जल जेथून यावयाचे तेथे आपण काय मुरवीत आहो, याचा विचार सोवळ्याओवळ्याची सूक्ष्म चर्चा करणाऱ्या आपल्या समाजाने करावयास नको काय?

हे भय काल्पनिक नाही. २००१ च्या जानेवारीत केंद्र सरकारने महाबळेश्वर–पाचगणी हा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि तीव्र उतारांवरील बांधकाम, वृक्षतोड व भूजलाचा उपसा यांवर मर्यादा घातल्या. मर्यादा कागदावर असून अनधिकृत बांधकामे उभी राहतात व प्रशासनास ती पाडावी लागतात, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्या कोणास ठाऊक नाही? २०२१ च्या जुलैत २२ व २३ तारखांच्या दरम्यान चोवीस तासांत महाबळेश्वरी सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. तळियेच्या माथ्यावर कोणाचे हॉटेल होते असे आम्ही म्हणत नाही; तशी कुजबुज करून मृतांचा वाद जिंकण्यासाठी उपयोग करणे आम्हांस मान्य नाही. परंतु असा पाऊस पडतो, अशा दरडी सुटतात, हे ज्या सह्याद्रीत सिद्ध झाले तेथे उतार कापून मजले चढविणाराच्या धाडसास काय नाव द्यावे?

येथे आमचे पहिले मित्र पुन्हा म्हणतील, ‘सर्व खरे, पण शेवटी ती गुलामगिरीची खूण. तिचे जतन कशाला?’ या मित्रांस, त्यातही गोमंतकीय मित्रांस, आम्ही एकच प्रतिप्रश्न करतो. मंगेशी, कवळे किंवा म्हार्दोळ येथील आपल्या देवालयांकडे पाहा. सोळाव्या शतकात परकी सत्तेच्या छळामुळे मूळ स्थाने सोडून देव नदीपलीकडे आले. आणि नंतर जी भव्य मंदिरे उभी राहिली त्यांच्या घुमटांत, कमानींच्या खिडक्यांत, खांबांच्या नक्षीत त्याच पश्चिमेच्या शिल्पाची छाया स्पष्ट दिसते. ज्यांनी देऊळ मोडले त्यांची कमान आपल्या पूर्वजांनी उचलली, देवाच्या सेवेस लावली आणि ती आपली झाली. कोणी म्हणतो काय की मंगेशीचा घुमट परका म्हणून उतरवा? वास्तूची जात तिच्या कमानीवरून ठरत नाही. ती कोणाच्या कामी येते आणि ज्या भूमीवर उभी आहे त्या भूमीशी कशी वागते, यावरून ठरते.

अर्थात जुन्या हॉटेलांचे पोवाडे गाण्याचा आमचा उद्देश नाही. त्यांच्या व्हरांड्यांत पाय पसरून बसण्याचा अधिकार दीर्घकाळ मूठभरांनाच होता; त्यांच्या बंबांसाठी व शेगड्यांसाठी पुष्कळ रान तुटले; खुर्च्यांवर साहेब आणि खांद्यांवर हमाल अशी ती सृष्टी होती. ती सृष्टी गेली हे उत्तम झाले. परंतु जुलमी जमीनदार गेला म्हणून त्याच्या वाड्यातली चांगली विहीर कोणी बुजवीत नाही. माणूस वाईट म्हणून मोजमाप वाईट ठरत नाही. उंच जोते, बाहेर आलेली वळचण, उतारास धरून बसलेली रांग, झाडाच्या उंचीखाली राहणारे छप्पर ही मोजमापे डोंगराने शिकविलेली आहेत आणि डोंगर अजून तोच आहे.

आणखी एक पंथ आहे, तो या पहिल्या पंथाच्या अगदी उलट बोलतो आणि तेच करतो. हा ‘वारसा’ शब्दाचा व्यापारी. तो जुन्या हॉटेलाची पुढची कमान राखतो, जुन्या नावाची पाटी चकचकीत करतो, भिंतीवर पिवळट छायाचित्रे लावतो, आणि मागच्या अंगणातली झाडे उतरवून तेथे चार मजले उभे करतो. पाहुण्यास पुढच्या व्हरांड्यात चहा मिळतो, निजावयास मात्र मागच्या डब्यात जावे लागते. याला जतन म्हणणे म्हणजे देवाचा मुखवटा ठेवून मूर्ती विकण्यासारखे आहे. जुन्या वास्तूचे मर्म तिच्या कमानीत नव्हते. ते तिने न व्यापलेल्या जागेत होते. दोन रांगांमधली मोकळी माती, तिच्यातली हिरडा-जांभळीची झाडे, पाणी जाण्यास सोडलेली वाट, हीच खरी वास्तू. ती मोडून कमान राखणे हे पाडण्याहून वाईट, कारण पाडणारा निदान फसवीत तरी नाही.

आता आम्ही आमच्या खऱ्या विषयाकडे येतो, कारण हॉटेलमालकांस आमचे ऐकण्याचे बंधन नाही. आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांस ते आहे. माथ्यावर असो, पायथ्याशी असो, क्षेत्रोक्षेत्री जी भक्तनिवासे उठत आहेत त्यांकडे आमचे वाचक निर्मळ दृष्टीने पाहोत. त्यांत आणि नव्या हॉटेलात पाटीवाचून काय फरक राहिला आहे? तोच उभा डबा, तीच कापलेली टेकडी, तीच विंधन विहीर, तीच मोटारींची फरसबंदी. फक्त दारावर गणपतीची फरशी. ‘भक्तांची सोय’ हा शब्द उच्चारला की सर्व प्रश्न मिटतात. देणगी येते, कोनशिला बसते, मजल्यांवर देणगीदारांची नावे लागतात. पाण्याची तरतूद मात्र कोणाच्याच नावाने होत नाही.

आणि हे अशा परंपरेत घडते जिला निवारा व पाणी यांची सांगड कोणी शिकवावी असे नव्हते! इंदूरच्या वाचकांस अहल्याबाई होळकरांचे स्मरण आम्ही काय द्यावे? त्या साध्वीने देशभर धर्मशाळा बांधल्या, त्यांबरोबर घाट व विहिरीही बांधल्या. उतरणारास छप्पर द्यावयाचे तर पाणीही द्यावयाचे, आणि ते उसने आणून नव्हे, जागच्या जागी सिद्ध करून, हा त्यामागचा विचार. गोमंतकातील अग्रशाळा पाहा. देवळाच्या प्रांगणाला लागून कौलारू रांग, पुढे ओसरी, मागे साध्या खोल्या, जवळ तळी किंवा विहीर. दूर देशी विखुरलेला कुळावी वर्षातून एकदा येई, ओसरीवर पथारी पसरी, तळीवर स्नान करी आणि देवापुढे उभा राही. ही अग्रशाळा आणि माथ्यावरचे जुने हॉटेल ही दोन्ही आडवी, कौलारू, ओसरीची, झाडांखालची घरे. एकात देवाचा पाहुणा राहिला, दुसऱ्यात सरकारचा. पण दोघांच्या सुतारगवंड्यांनी एकाच पावसाशी व्यवहार केला होता. म्हणून जेव्हा कोणी महाजन अग्रशाळा पाडून तेथे चौमजली यात्रीनिवास उभारण्याचा ठराव मांडतो आणि त्याच श्वासात माथ्यावरची हॉटेले डोंगर खातात म्हणून हळहळतो, तेव्हा आम्हांस त्याच्या हळहळीचे नवल वाटते.

‘परंतु भक्त वाढले, त्यांस काय रानात निजवावयाचे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्यास हिशेबाने उत्तर देतो. शंभर चौरस मीटरचे छप्पर घ्या. म्हणजे एक लहानशी खोल्यांची रांग. महाबळेश्वराच्या पावसाने साडेपाच मीटर पाणी त्यावर ओतले तर एका पावसाळ्यात साडेपाच लाख लिटर पाणी त्या छपरावरून वाहून जाते. सर्वच साठविता येणार नाही हे उघड आहे. त्याचा पाचवा हिस्सा जरी हौदात धरला तरी एक लक्ष दहा हजार लिटर होतात. माणशी रोज शंभर लिटर धरले तर अकराशे माणसांच्या एकेका दिवसाच्या मुक्कामाचे पाणी. ज्या घराच्या पन्हळीतून ही लक्ष्मी आषाढात दरीत गेली त्याच घराच्या दारात चैत्रात टँकर उभा राहतो, याला दुष्काळ म्हणू नये. याला नाकर्तेपणा म्हणावे. जितके पाणी छपरावरून धरता येईल व जमिनीत मुरवता येईल तितक्याच खोल्या बांधाव्यात. बाकीच्या भक्तांची सोय खाली, वाईस किंवा साताऱ्यास करावी आणि वर दर्शनास आणावे. क्षेत्राचा महिमा तेथे निजण्यात नाही.

‘मग स्थानिकांच्या पोटाचे काय?’ असेही विचारले जाते, आणि विचारणारा बहुधा स्थानिक नसतो. माथ्यावरील शेतकऱ्याच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते पीक पाण्यावर उभे आहे, आणि झरा आटला तर प्रथम त्याचे शेत सुकेल, परगावच्या भांडवलदाराचे हॉटेल नव्हे. शिवाय मर्यादा घातली म्हणजे प्रवासी येत नाहीत हे तरी कोठे खरे आहे? माथेरान पाहा. तेथील डोंगरावर १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या धनाने छोटी आगगाडी चढली. पण खासगी मोटारी आजही गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि माणसे पुढे पायी, घोड्यावर किंवा गाडीने जातात. म्हणून माथेरान ओस पडले काय? उलट मोटार येत नाही म्हणूनच माणूस तेथे जातो. तेथेही प्रश्न आहेत, वाद आहेत. पण एक दार बंद ठेवल्याने गाव मेले नाही, एवढा धडा घेण्यास तो दाखला पुरे आहे.

हा सर्व विषय आज निकडीचा झाला आहे, त्याचे कारण आणखी वेगळे आहे. २०१९ साली राज्य सरकारने ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाने सातारा, पाटण व जावळी तालुक्यांतील २३५ गावांच्या मुलुखात नवे गिरिस्थान वसविण्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली. पुढे त्यात आणखी गावांची भर पडली. जुन्या महाबळेश्वरावरचा भार कमी होईल असे त्याचे समर्थन केले जाते. नवे गिरिस्थान मुळीच नको असे आम्ही येथे म्हणत नाही. परंतु जुन्या माथ्याची जी गत केली तिचा हिशेब न देता नव्या माथ्यावर हात घालणे हा कोणता न्याय? नाव ‘नवीन महाबळेश्वर’ असले तरी नव्या डोंगरावर नवीन पंचगंगा वसविण्याचे सामर्थ्य कोणत्याही महामंडळात नाही.

आणि हा प्रश्न केवळ सातारा जिल्ह्याचा आहे असेही कोणी समजू नये. अरबी समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरांवर जन्मलेली कृष्णा त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेस चालत जाते. माहुलीस तिला वेण्णा मिळते, कराडास कोयना. नरसोबाच्या वाडीवरून ती सीमाभागात उतरते आणि चिकोडी, रायबाग, अथणी यांची शेते भिजविते. बेळगावकडील आमच्या वाचकांच्या ताटातला गूळ तिच्याच पाण्याचा. २००४ पासून नागार्जुनसागरातून तिचे पाणी हैदराबादच्या नळांत आले आहे. तेथील मराठी घरांत सकाळी संध्येला जे पळीभर पाणी घेतले जाते त्यात माथ्यावरच्या जांभ्याचा अंश असतो. सीमेचे वाद माणसांनी घातले. पाण्याने ते कधीच मानले नाहीत. ज्याच्या घरी ही नदी पोचते तो माथ्याचा वारसदार आहे आणि त्यास विचारण्याचा अधिकार आहे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या व स्पष्ट आहेत. जी जुनी हॉटेले व बंगले माथ्यावर उरले आहेत त्यांचे जतन कमानीपुरते न करता जोत्यापासून छपरापर्यंत आणि अंगणातल्या झाडांसह व्हावे. त्यांत राहणाराचा व्यवसाय चालावा, पण आहे त्या उंचीत. नव्या कोणत्याही वास्तूस परवानगी देताना तिच्या खोल्या मोजण्यापूर्वी तिचे पाणी व तिचा मैला मोजावा. नवीन गिरिस्थानाच्या आराखड्यात प्रत्येक झऱ्याची नोंद व्हावी आणि त्याच्या वरचा उतार मोकळा राहावा. चौथी मागणी सरकारकडे नसून आपल्याकडे आहे: प्रत्येक देवस्थान समितीने पुढचा भक्तनिवास बांधण्यापूर्वी छपराच्या पाण्याचा हौद बांधावा, उतार कापू नये, आणि जेथे अग्रशाळा अजून उभी आहे तेथे ती दुरुस्त करावी, पाडू नये. जो स्वतःच्या आवारात हे करणार नाही त्याने हॉटेलवाल्यास दोष देऊ नये.

२०१६ साली गुरू कन्या राशीस गेला तेव्हा कन्यागताच्या पर्वणीस कृष्णातीरावर लाखो लोक लोटले. पुढील कन्यागत २०२८ साली येईल. त्या वेळी मंडप पडतील, मिरवणुका निघतील, पालख्या घाटावर येतील. या सर्वांची तयारी करण्यास आपली मंडळी समर्थ आहेत, त्याविषयी आम्हांस चिंता नाही. गोमुखातून पाणी येण्याची तयारी मात्र मंडपवाल्यास सांगून होत नाही. ती बारा महिने, माथ्यावर, जांभ्याच्या पोटात चालते. आणि तीत आपले काम एवढेच आहे की तिच्यावर बसताना थोडे हलके बसावे.